विजेची बेगमी : बॅटरी किती तास पुरेल?

आज वही-पेन जवळ घेऊन बसा. वही सापडत नसेल तर कॅलेंडरच्या पानाची पाठ चालेल. आज आपल्याला थोडा हिशोब करायचा आहे. घाबरू नका, गटाचं खातं लिहिता येतं त्या प्रत्येकीला हा हिशोब जमेल.

मिरग जवळ आला की आपण सगळ्या बेगमीला लागतो. सोलं वाळवून बरणीत जातात, सुकी मासळी डब्यात जाते, मसाला दळून होतो, लाकडं पडवीत रचली जातात. गेल्या काही वर्षांत या बेगमीत आणखी एक वस्तू आली आहे, ती म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी. लाईट गेली की घर उजेडात राहावं म्हणून कोणी घोवाच्या पगारातून घेतली, कोणी मासळीच्या पैशांतून, कोणी गटातून कर्ज काढून. घेताना दुकानदाराला प्रश्न एकच, "बॅटरी किती येळ चलतली?" आणि उत्तरही ठरलेलं, "रातभर चलतली, वयनीनू. काय काळजी करू नकात."

या उत्तरावर विसंबून आमच्याच एका गटात काय झालं ते आधी सांगतो. नाव सांगत नाही. तिची परवानगी घेऊनच सांगतो आहोत.

आमच्या गटातली एक मैत्रीण मासळी विकते. पहाटे रापणीवर जायचं, दुपारपर्यंत बाजार, उरलेली मासळी फ्रिजमध्ये. घरात दोन मुलं आणि दम्याचे आजारी सासरे. तिने गटातून कर्ज घेऊन इन्व्हर्टर आणि १५० ची बॅटरी घेतली. आम्ही कर्जाचा अर्ज तपासला, जामीनदार तपासले, हप्ता ठरवला. सगळं नियमाप्रमाणे झालं.

आषाढातल्या एका रात्री दहाच्या सुमाराला लाईट गेली. इन्व्हर्टर सुरू झाला, घरात सगळे खूश. दोन पंखे चालू, मुलं टीव्ही बघत बसलेली, संध्याकाळीच फ्रिजमध्ये ताजी मासळी भरलेली. साडेबाराच्या आत सगळं बंद. रात्री एकला सासऱ्यांना दम लागला. वाफेचं औषध द्यायचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, घरात होतं, औषध होतं, पण मशीन चालवायला वीज नव्हती. भर पावसात शेजारच्याला उठवून, रिक्षा काढून त्यांना तालुक्याला न्यावं लागलं. वेळेत पोचले, म्हणून वाचले.

पुढच्या बैठकीत ती आम्हाला म्हणाली, "ताई, कर्जाचे कागद तुमी धा येळा बघितलात. पण ती बॅटरी खरीच किती येळ चलतली, ह्या कोणीच इचारूक नाय."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. चूक दुकानदाराची म्हणून आम्ही हात झटकू शकलो असतो. पण म्हैस घ्यायला कर्ज देताना आपण दूध किती देते ते विचारतोच ना? मग बॅटरीचं का नाही विचारलं? त्या दिवसापासून आमच्या गटांत इन्व्हर्टरसाठी अर्ज आला की आधी हा हिशोब मांडतो आणि मग कर्ज देतो. तोच हिशोब आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली गोष्ट. बॅटरीवर १५० लिहिलेलं असतं. ते १५० तास नव्हेत आणि १५० वॅटही नव्हेत. त्याला अँपिअर-अवर म्हणतात. आपली साधी बॅटरी १२ व्होल्टची असते. १२ ला १५० ने गुणा. किती आले? १,८००. म्हणजे बॅटरीत १,८०० वॅट-तास वीज मावते. वॅट-तास म्हणजे काय? १० वॅटचा दिवा १० तास जळला की १०० वॅट-तास झाले. १,००० वॅट-तास झाले की बिलावरचं एक युनिट. म्हणजे एवढ्या जड बॅटरीत पुरती दोन युनिटंही मावत नाहीत.

आता हे १,८०० सगळे आपल्या हातात येत नाहीत. ॲसिडची बॅटरी तळापर्यंत रिकामी केली की ती लवकर मरते. गटाच्या खात्यात आपण थोडी शिल्लक ठेवतोच, तशी हिच्यातही ठेवावी लागते. शिवाय बॅटरीतली वीज घराला चालेल अशी करताना इन्व्हर्टर स्वतः थोडी खातो. हे सगळं वजा करून आम्ही एकच आकडा पाठ केला आहे. तुम्हीही लिहून घ्या. १५० ची नवी बॅटरी म्हणजे हातात खरे १,००० वॅट-तास, म्हणजे एक युनिट. पुढचा सगळा हिशोब या हजारावर करायचा.

आता खर्चाची बाजू लिहा. घरात काय किती वीज ओढतं? एलईडी दिवा ९ वॅट. जुना छताचा पंखा ७५ वॅट. बीएलडीसी नावाचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. मोबाईल चार्जर ५ ते १० वॅट. मध्यम टीव्ही ६० वॅट धरा. घरगुती फ्रिज चालू असताना १५० वॅट धरा. नेब्युलायझर १५० वॅट धरा, पण तो एका वेळी दहा-पंधरा मिनिटंच चालतो, हे लक्षात ठेवा. वस्तूच्या पाठीमागे छोटी पट्टी असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. मुलांना वाचायला सांगा. शाळेतल्या गणितापेक्षा त्यांना हे आवडतं.

आता भागाकार. हजाराला एकूण वॅटने भागा, तास मिळतात.

पहिलं घर. दोन जुने पंखे १५०, तीन दिवे २७, एक-दोन मोबाईल. झाले साधारण १९०. हजार भागिले १९०, म्हणजे पाच तास आणि थोडं वर. रात्री दहाला लाईट गेली तर तीनला काळोख.

दुसरं घर. तेच दिवे, तेच मोबाईल, फक्त पंखे नवे, ३० वॅटचे. झाले १०० वॅट. हजार भागिले १००, म्हणजे दहा तास. बॅटरी तीच, पंखे बदलले आणि रात्र निघाली. म्हणून आम्ही सांगतो, मोठी बॅटरी घ्यायच्या आधी पंखा बदला. तो रोजच्या बिलातही वाचवतो.

तिसरं घर आमच्या मैत्रिणीचं. दोन जुने पंखे १५०, फ्रिज १५०, टीव्ही ६०, तीन दिवे २७. झाले ३८७. हजार भागिले ३८७, अडीच तास. फ्रिज एरवी थांबत-थांबत चालतो. पण त्यात संध्याकाळीच गरम मासळी भरलेली, म्हणून तो थांबलाच नाही. शिवाय आणखी एक गंमत आहे. बॅटरीवरचे १५० हे सावकाश, वीस तासांत वापरली तरचे असतात. भराभर उपसली तर तेवढेही मिळत नाहीत. म्हणून साडेबाराच्या आत काळोख झाला. बॅटरी खोटी नव्हती, हिशोब झाला नव्हता.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या रात्री नेब्युलायझरला किती लागणार होते? १५० वॅट, पाव तास, म्हणजे ४० वॅट-तासही नाहीत. हजारातले फक्त ४०. रात्रीतून चार वेळा दिलं असतं तरी १५०. गटात आपण काय करतो? आजारपणासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवतो, लग्नाच्या मांडवासाठी ती देत नाही. बॅटरीतही तेच करायचं. घरात दम्याचा रोगी असेल, बाळंतीण असेल, तान्हं मूल असेल, तर त्यांच्यापुरती वीज आधी बाजूला काढायची. टीव्ही आणि फ्रिज त्यानंतर.

आता त्या मैत्रिणीच्या घरी वायरमनकडून फ्रिज आणि टीव्हीचे पॉइंट इन्व्हर्टरवरून काढून घेतले आहेत. एक पंखा, दोन दिवे आणि सासऱ्यांच्या खाटेजवळचा एक प्लग, एवढंच त्यावर ठेवलं. मासळीसाठी ती जाड थर्माकोलची पेटी आणि बर्फ वापरते. लाईट गेली की फ्रिज उघडायचाच नाही, हा घरातला नियम. न उघडलेला फ्रिज तीन-चार तास आतला गारवा धरतो. ज्यांचं इन्शुलिन फ्रिजमध्ये असतं त्यांनी लाईट लांबली तर ते कसं ठेवायचं, हे पावसाळ्याआधीच डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून घ्या.

आता पुष्कळ जणी विचारतात, मिक्सर चालेल का, पंप चालेल का? इथे विहीर आठवा. विहिरीत पाणी किती, ही एक गोष्ट. आणि कळशी केवढी, ही दुसरी. बॅटरी म्हणजे विहीर, इन्व्हर्टर म्हणजे कळशी. एका वेळी किती वीज उचलता येईल ते इन्व्हर्टर ठरवतो. मिक्सर पाच मिनिटांत फार वीज खात नाही, पण एकदम ७५० वॅट मागतो. छोट्या इन्व्हर्टरची कळशी तेवढी नसते, तो टूं-टूं करून बंद पडतो. पंप आणि फ्रिज सुरू होताना तर झटका मारतात, क्षणभर कितीतरी पट वीज मागतात. इस्त्री, गिझर, इंडक्शन शेगडी यांचं नावही काढू नका. ज्यांचं घर पर्यटकांना राहायला दिलेलं आहे, तारकर्ली-देवबागकडच्या मैत्रिणी ऐकत असतील, त्यांनी पाहुण्यांना आधीच सांगावं की लाईट गेली तर पंखा आणि दिवा मिळेल, एसी नाही. आधी सांगितलं की कोणी रागावत नाही.

हे झालं काही तासांचं. पण आपल्या किनाऱ्यावर लाईट कधीकधी दिवसच्या दिवस जाते. १६ मे २०२१ आठवतो ना? रविवार होता. तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून वर गेलं आणि दुसऱ्या रात्री गुजरातेत जमिनीवर चढलं. आपल्याकडे माड, आंबे, फणस तारांवर पडले. खांब आडवे झाले. त्यात कोरोनाची दुसरी लाट. आमच्या वाडीत नवव्या दिवशी वीज आली.

त्या नऊ दिवसांत आम्ही काय शिकलो? ज्यांच्या घरी इन्व्हर्टर होते त्यांची पहिली रात्र उजेडात गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅटऱ्या रिकाम्या. कारण बॅटरी वीज बनवत नाही, साठवते. भरायला वीज नसेल तर ती नुसती जड पेटी. आणि एकदा रिकामी झालेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. मध्येच तासभर लाईट येऊन गेली तर त्यात थेंबभर पडतं.

मग मोबाईल कशावर चार्ज झाले? होडीवरच्या बॅटरीवर. आमच्या वाडीतल्या एका काकांनी वादळाआधी होडी वर ओढताना तिच्यावरची १२ व्होल्टची बॅटरी घरी आणून ठेवली होती. तिच्यावर त्यांनी वाडीतल्या फोनांना पाळी लावून दिली. प्रत्येक घराचा एकच फोन, आणि तोही निम्मा भरेपर्यंतच. काकी दारात बसून वहीत नावं लिहायची. एका फोनला साधारण १५ वॅट-तास लागतात. म्हणजे आपल्या हजारात साठ-पासष्ट फोन भरतात. चार दिवस त्या एका बॅटरीवर मुंबईतल्या चाकरमान्यांना "आमी बरी आसव" एवढं कळवता आलं.

आणि खरी अडचण उजेडाची नव्हतीच. ती पाण्याची होती. पंप आले तसे कितीतरी घरांनी विहिरीवरचे रहाट काढून टाकलेले. पोहरा नाही, दोर नाही. विहीर भरलेली आणि घरात पाणी नाही. पंप बॅटरीवर चालवायचा म्हणजे खर्च मोठा. रहाट आणि दोर यांचा खर्च किती? म्हणून बॅटरीच्या आधी विहिरीवर रहाट लावा, नाहीतर निदान मजबूत दोर आणि पोहरा ठेवा. सगळ्या गोष्टींना बॅटरी हे उत्तर नाही.

दिवसच्या दिवस वीज गेली तर बॅटरी भरायला सूर्य हवा. १५० वॅटची दोन सोलर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण तेवढीच वीज देतात, आपले हजार वॅट-तास. म्हणजे दिवसा भरा, रात्री वापरा. पण आषाढातल्या झडीत याची आशा थोडीच धरा. त्यातला एखादा हिस्साच हाती येतो. आणि वादळाचा इशारा आला की सुटी पॅनेलं खाली काढून घरात घ्या.

छपरावरच्या सोलरबद्दल एक मोठा गैरसमज आहे, तो आजच दूर करू. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली. तिच्यात एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. योजना चांगली, बिल कमी होतं. पण साधी, लाईनला जोडलेली सोलर व्यवस्था लाईट गेली की स्वतःही बंद होते. कडक ऊन असलं तरी बंद. ही खोट नाही. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरची वीज लागू नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर वेगळा, हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, त्याचा खर्च वेगळा. सही करायच्या आधी विचारा, "लाईट गेली की हे चालू राहील का?" आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

आता निगेचं. आमच्या मैत्रिणीची बॅटरी वर्षभरातच निम्मी झाली. एक कारण ती पुनःपुन्हा तळापर्यंत रिकामी झाली. दुसरं कारण, कोणीतरी तिच्यात विहिरीचं पाणी घातलं. आपलं पाणी कितीही गोड असो, त्यात क्षार असतात. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. महिन्याला एकदा पातळी बघा. गटाच्या बैठकीच्या दिवशीच बघितली की विसरत नाही. आपल्या खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी जमते. इन्व्हर्टर बंद करून, वायर सोडवून, वायरमनकडून ती स्वच्छ करून घ्या आणि वर पेट्रोलियम जेली लावा. बॅटरी भरताना तिच्यातून पेटणारा वायू निघतो. म्हणून खाटेखाली नको, चुलीजवळ नको, देवाच्या समईजवळ नको. वारा येईल अशा जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर धूत राहा आणि दवाखाना गाठा.

बॅटरी म्हातारी होते हेही धरून चाला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी आपला हजार हळूहळू निम्म्यावर येऊ शकतो. कर्जाचे हप्ते त्याआधी संपतील असे ठरवा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन अंगणात फोडू देऊ नका. तिच्यातलं शिसं विषारी असतं, ते मातीत आणि विहिरीत उतरतं. नवी घेताना जुनी दुकानात परत द्या, तिचे पैसेही वळते होतात.

लिथियम बॅटरीचं विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडक्यात. ती हलकी, पाणी घालायला नको, जवळजवळ सगळी वापरता येते. म्हणून १०० ची लिथियम आणि १५० ची ॲसिडची, हातात जवळपास सारखाच हजार देतात. ती टिकते जास्त, पण किंमतही जास्त आणि इन्व्हर्टर तिला चालणारा हवा. रोज लाईट जाणाऱ्या घराला परवडेल. वर्षातून चार वेळा जात असेल तर घाई नको.

मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम लिहून घ्या. घरातल्या वस्तूंचे वॅट वहीत उतरवा. लाईट गेल्यावर ज्यांच्यावाचून खरंच चालणार नाही, त्या वस्तूंपुढे टिंब करा. टिंबवाल्यांची बेरीज करा आणि हजाराला भागा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपले तास सांगायचे. आणि गटाने मिळून एक ठरवा. वाडीत आजारी माणूस कोणाच्या घरी आहे, भरलेली बॅटरी कोणाच्या घरी आहे, आणि रात्री एक वाजता दार कोणाचं ठोठवायचं. हे एका कागदावर लिहून प्रत्येक घराच्या भिंतीवर लावा.

आमच्या त्या मैत्रिणीच्या भिंतीवर असा कागद आहे. तिच्या सासऱ्यांनी परवा तो वाचला आणि नातवाला म्हणाले, "टीव्ही बंद कर रे. माझो हप्तो शिल्लक रवाक व्हयो."